आधी घरचा वाटा, मग बाजार : शेतातल्या धान्याचे सोपे, सकस पदार्थ



रेडिओवर पदार्थाची कृती सांगितली की एक अडचण नेहमी येते. ऐकणारीचे हात पिठात असतात. कागद-पेन्सिल शोधेपर्यंत माप सांगून झालेले असते आणि मग 'गूळ एक वाटी म्हणाले की दोन?' असा प्रश्न उरतो. म्हणून या खेपेला पदार्थ छापूनच देत आहोत. पत्रिकेच्या कोपऱ्याला भोक पाडा आणि चुलीजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवा.

पदार्थांकडे वळण्याआधी एक गोष्ट मात्र बोलायची आहे. ती घरातल्या बायांइतकीच बाप्या माणसांनीही ऐकायची आहे, कारण तिची सुरुवात चुलीपाशी होत नाही, खळ्यावर होते.

खळ्यावरचा हिशेब

पूर्वी खळ्यावर रास पडली की तिच्यातून आधी वाटे निघत. सुताराचा, लोहाराचा, कुंभाराचा वाटा निघे. पुढच्या पेरणीचे बी बाजूला पडे. घरची कणगी भरे. एवढे झाल्यावर उरेल ते बाजारात जाई. आता मळणी यंत्रातून पोते भरते ते तसेच टेम्पोत चढते. उधारी असते, कर्जाचा हप्ता असतो, पोरांच्या फिया असतात. ही ओढ आम्हाला ठाऊक आहे. घरचे सगळे साठवा आणि विकूच नका, असे आम्ही सांगणार नाही.

पण पुढे काय होते ते बघा. चार महिन्यांनी त्याच घरातले लेकरू सकाळी शाळेत जाताना चहात बुडवून बिस्किट खाते. दुपारी खाऊ म्हणून पाच रुपयांची कुरकुरीत पुडी आणते. बिस्किटात मुख्यतः मैदा, साखर आणि तेल असते. पोट भरल्यासारखे वाटते, अंगी काही लागत नाही. आपण ज्वारी, शेंगा, तीळ घाऊक भावाने दिले आणि पुडीतला माल किरकोळ भावाने घेतला. दोन्हीकडून आपणच बुडालो.

पैशाचे एक वेळ सोडा, शरीराचा हिशेब त्याहून वाईट आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यात असे दिसले की महाराष्ट्रात १५ ते ४९ वर्षांच्या दर शंभर बायांपैकी सुमारे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आहे. पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांपैकी सुमारे ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे. ज्या राज्यात ज्वारी, बाजरी, नाचणी, हरभरा आणि भुईमूग पिकतो, त्या राज्याचे हे आकडे आहेत.

२०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी 'आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष' म्हणून पाळले. त्यासाठी पुढाकार भारतानेच घेतला होता. तेव्हापासून शहरात बाजरी-नाचणीला मोठा मान आला. चकचकीत पुड्यांत घालून ती महाग विकली जाते. शहरवाला ती दाम मोजून खातो आणि पिकवणाऱ्याचे पोर मैदा खाते, हे काही बरे नव्हे.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच आहे : पोते टेम्पोत चढण्याआधी घरचा वाटा काढा.

वाटा किती काढायचा? पाच माणसांच्या घरात एका वेळेला माणशी दोन भाकरी धरल्या, तर रोज साधारण एक किलो पीठ लागते. म्हणजे सालाला साडेतीन क्विंटलच्या आसपास ज्वारी-बाजरी. दाणे महिन्याला तीन किलो धरले तर वर्षाला छत्तीस किलो. त्यासाठी पन्नासेक किलो वाळलेल्या शेंगा ठेवाव्या लागतील. हुलगे पाच किलो, तीळ तीन किलो, नाचणी पिकत असेल तर पंधरा किलो. एवढे बाजूला पडले की पुढचे सगळे पदार्थ घरात आहेत असे समजा. रेशनचा गहू-तांदूळ मिळतो तो घ्यावाच. पण ताटात तो एकटा नको.

कशात काय आहे

फार खोलात जात नाही, चार गोष्टी ध्यानात ठेवा. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच पॉलिशच्या तांदळात ते जेमतेम दहाच्या आसपास भरते. कॅल्शियमने हाडे-दात बळकट होतात. १०० ग्रॅम बाजरीत ६ ते ८ मिलिग्रॅम लोह असते, पॉलिशच्या तांदळात एकही पुरते नसते. लोहाने रक्त भरते. १०० ग्रॅम शेंगदाण्यात २४-२५ ग्रॅम प्रथिने असतात. ती अंग धरायला, वाढायला लागतात. आणि धान्य व कडधान्य एकत्र खाल्ले की एकातली उणीव दुसरे भरून काढते. आपल्या आज्यांनी भाकरीबरोबर पिठले आणि बाजरीत मूगडाळ घातली ती काही उगाच नव्हे.

आता पदार्थ. माप सगळीकडे वाटीचे आहे. घरातली कोणतीही एक वाटी घ्या, पण एका पदार्थाला शेवटपर्यंत तीच वापरा. चमचा म्हणजे पोह्याचा चमचा.

१. भाजणी आणि थालीपीठ

ज्या घरात भाजणीचा डबा भरलेला आहे, त्या घरात पाहुणा आला तरी धांदल होत नाही आणि पोर शाळेतून भुकेजून आले तरी दुकान आठवत नाही.

साहित्य : ज्वारी ४ वाट्या, बाजरी २ वाट्या, गहू १ वाटी, हरभऱ्याची डाळ १ वाटी, उडीदडाळ अर्धी वाटी, धणे अर्धी वाटी, जिरे २ चमचे.

कृती : प्रत्येक जिन्नस निवडून वेगवेगळा, कोरडाच, मंद जाळावर भाजावा. एकत्र भाजू नये. डाळ जळते आणि ज्वारी कच्ची राहते. खमंग वास सुटला, रंग जरा बदलला की उतरवावे. पूर्ण गार झाल्यावर एकत्र करून किंचित जाडसर दळून आणावे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. बाजरीत स्निग्धांश जास्त असल्याने तिचे पीठ लवकर कडवट होते. भाजल्यामुळे ते जास्त टिकते खरे, तरी भाजणी महिनाभर पुरेल एवढीच करावी.

थालीपिठासाठी दोन वाट्या भाजणीत एक बारीक चिरलेला कांदा, मूठभर मेथी किंवा कोथिंबीर, थोडे तीळ, हळद, तिखट, मीठ घालून पाण्याने सैलसर भिजवावे. गार तव्याला तेल लावून गोळा त्यावरच थापावा, मध्ये आणि कडेने बोटाने भोके पाडावीत, भोकांत थेंब थेंब तेल सोडावे. झाकण ठेवून मंद जाळावर होऊ द्यावे. मग उलटून दुसरी बाजू भाजावी. दुसऱ्या थालीपिठाला तवा तापलेला असतो, म्हणून ते ओल्या फडक्यावर थापून तव्यावर उलटावे. मेथी नसेल तर शेवग्याचा कोवळा पाला बारीक चिरून घाला. बांधावर शेवगा असूनही त्याचा पाला नुसता गळून जातो. तो फार कसदार आहे.

२. ज्वारीच्या कण्या

रानात जायची घाई आहे, भाकरी थापायला वेळ नाही, अशा दिवशी कण्या कराव्यात.

साहित्य : ज्वारीच्या कण्या १ वाटी, पाणी ४ वाट्या, ताक २ वाट्या, मीठ, लसूण, हिरवी मिरची.

कृती : ज्वारी जात्यावर किंवा गिरणीत भरडून आणावी. पीठ चाळून वेगळे काढावे. चाळणीत उरते ती कणी. पाण्याला आधण आले की मीठ घालून कण्या सोडाव्यात आणि ढवळून झाकण ठेवावे. वीस-पंचवीस मिनिटांत मऊ शिजतात. मधून मधून ढवळावे, नाहीतर तळाला लागतात. ताटात वाढून वरून ताक घालावे आणि लसूण-मिरचीचा ठेचा लावून खावे. चार घास जास्तच जातात. उरलेल्या कण्या सकाळी ताकात कालवून घेता येतात; मात्र उन्हाळ्यात आंबट वास आला असेल तर माणसांना देऊ नयेत.

३. उन्हाळ्याची आंबील

एप्रिल-मे महिन्यात रानात काम करताना अंगातले पाणी आणि मीठ घामावाटे जाते. बाटलीतले रंगीत गोड पाणी हा त्यावर उपाय नव्हे. आंबील हा जुना आणि चांगला उपाय आहे.

साहित्य : नाचणीचे किंवा ज्वारीचे पीठ ३ चमचे, ताक १ वाटी, पाणी ३ वाट्या, जिरेपूड, दोन पाकळ्या लसूण, मीठ.

कृती : रात्री पीठ ताकात कालवून मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात झाकून ठेवावे. तांब्या-पितळेला कल्हई नसेल तर त्यात आंबट ठेवू नये, कळकते. सकाळी पाण्याला आधण आणून, एका हाताने ढवळत, दुसऱ्या हाताने भिजवलेले पीठ सोडावे. ढवळणे थांबले की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. पाच-सात मिनिटे शिजवून मीठ, जिरेपूड आणि ठेचलेला लसूण घालावा. गार करून तांब्यात भरून रानात न्यावी. न्याहारीला भाकरी आणि दहाच्या सुमारास तांब्याभर आंबील, एवढ्यावर दुपारपर्यंत दम टिकतो.

४. मोडाच्या नाचणीची खीर

हा पदार्थ लहान लेकरांसाठी मुद्दाम सांगतो आहोत. म्हाताऱ्या माणसांना आणि आजारातून उठलेल्यांनाही चालतो.

कृती : एक किलो नाचणी तीन-चार पाण्यांनी धुऊन खडे काढावेत. रात्रभर भिजत घालावी. सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधून ठेवावी; फडके सुकू देऊ नये. एक-दोन दिवसांत बारीक पांढरे मोड दिसतात. मग ती सावलीत खडखडीत वाळवून कढईत हलकी भाजावी, दळून आणावी आणि बारीक चाळावी.

मोठ्या माणसासाठी दोन चमचे पीठ वाटीभर गार पाण्यात किंवा दुधात कालवून मंद जाळावर ढवळत पाच-सात मिनिटे शिजवावे. खाली उतरवून जरा निवले की गूळ घालावा. उकळत्या दुधात गूळ घातला तर दूध फाटायचा संभव असतो.

मोड कशाला आणायचे, असे कोणी विचारील. मोड येताना धान्यातला पिठूळपणा थोडा मोडतो. त्यामुळे मोडाच्या पिठाची खीर पातळ राहते आणि तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावते. लेकराचे पोट असते मुठीएवढे. त्याला पाण्यासारखी पेज पाजली तर पोट भरते, पोषण होत नाही. शिवाय मोडामुळे धान्यातले लोह अंगाला जास्त लागते.

बाळाच्या बाबतीत मात्र हे पक्के ध्यानात ठेवा : पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नको. सहा महिने पुरे झाल्यावर ही खीर सुरू करावी आणि अंगावरचे दूध चालूच ठेवावे. बाळाच्या खिरीत साखर, गूळ, मीठ घालू नये. अर्धा चमचा तूप घालावे. वर्षाच्या आत मध चाटवू नये, घरच्या पोळ्याचा असला तरीही.

५. बाजरीची खिचडी

थंडीत बाजरी, हे सांगायला नको. भाकरी रोजचीच, आठवड्यातून दोनदा खिचडी करून बघा.

साहित्य : बाजरी १ वाटी, मूगडाळ अर्धी वाटी, शेंगदाणे मूठभर, लसूण सात-आठ पाकळ्या, मोहरी, जिरे, हळद, तिखट, मीठ, तेल २ चमचे, पाणी ५ वाट्या.

कृती : बाजरीला पाण्याचा हात लावून दहा मिनिटे ठेवावे, उखळात हलक्या हाताने कांडावे आणि पाखडून कोंडा काढावा. उखळ नसेल तर बाजरी सात-आठ तास भिजवून मिक्सरवर एक-दोन फेरे फिरवून भरड करावी. पातेल्यात तेलाची फोडणी करून लसूण लाल होऊ द्यावा, दाणे परतावेत, हळद-तिखट घालावे. मग पाणी घालून उकळी आली की बाजरी, डाळ, मीठ घालून मंद जाळावर मऊ शिजवावे. कुकर असेल तर पाच-सहा शिट्ट्या पुरतात. ताटात वाढल्यावर वरून लिंबू पिळायला विसरू नये.

लिंबाचे कारण चवीपुरते नाही. लिंबू, आवळा, पेरू यांतले क जीवनसत्त्व धान्यातले लोह अंगात शोषायला मदत करते. ते उष्णतेने कमी होते, म्हणून लिंबू शिजताना नाही, ताटातच पिळायचे. याच्या उलट चहा. जेवणावर चहा घेतला की लोह अंगाला कमी लागते. जेवण आणि चहा यांत निदान एक तासाचे अंतर ठेवा.

६. हुलग्याची शेंगोळी

बाजाराचा दिवस लांब आहे, घरात भाजी नाही, पावसाची झड लागली आहे. अशा वेळी शेंगोळीसारखा दुसरा पदार्थ नाही. भाजी आणि भाकरी दोन्ही एकाच भांड्यात.

साहित्य : हुलग्याचे म्हणजे कुळथाचे पीठ २ वाट्या, ज्वारीचे किंवा गव्हाचे पीठ अर्धी वाटी, वाटलेला लसूण, जिरे, तिखट, हळद, मीठ, तेल, पाणी.

कृती : दोन्ही पिठे, निम्मा लसूण, तिखट, हळद, मीठ एकत्र करून घट्ट भिजवावे. हाताला तेल लावून पिठाची बोटाएवढी जाड वळी करावी आणि टोके जोडून कडे करावे. पातेल्यात फोडणी करून उरलेला लसूण परतावा, पाच वाट्या पाणी आणि मीठ घालून चांगले आधण आणावे. खळखळत्या पाण्यातच एक एक शेंगोळी सोडावी. पाणी निवलेले असेल तर ती विरघळते. थोडे पीठ पाण्यात कालवून वरून ओतले की रस दाट होतो. पंधरा-वीस मिनिटे शिजू द्यावे. शेंगोळी मोडून बघावी. आत कोरडे पीठ दिसले नाही म्हणजे झाली. गरमच खावी. वळायला पोरांना बसवा, त्यांना मोठी हौस असते.

७. दाण्या-तिळाचे लाडू

साहित्य : शेंगदाणे २ वाट्या, तीळ अर्धी वाटी, चिरलेला गूळ १ वाटी.

कृती : दाणे खरपूस भाजून, चोळून सालपटे पाखडावीत. तीळ तडतडेपर्यंत भाजावेत. गार झाल्यावर दोन्ही उखळात कुटावे, अर्धेमुर्धे झाल्यावर गूळ घालून पुन्हा कुटावे. दाण्याला तेल सुटते, त्यावरच लाडू वळतात. तूप नको, पाक नको. शाळेत जाणाऱ्या पोराच्या दप्तरात रोज एक लाडू टाकला तर पुडीची गरज पडत नाही. अगदी लहान लेकराच्या हाती अख्खे दाणे देऊ नयेत, श्वासात अडकतात. लाडूचा बारीक भुगा करून द्यावा.

एक धोक्याची सूचना नीट वाचा. ओल लागून बुरशी आलेले, काळे पडलेले, सुरकुतलेले, कडू लागणारे दाणे खाऊ नका. अशा दाण्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते, ते यकृताला घातक असते. भाजल्याने, तळल्याने ते जात नाही. 'माणसांना नको तर म्हशीला घालू' असेही करू नका. ते दुधात उतरते. म्हणून शेंगा काढल्यावर हलवून आत दाणा वाजेपर्यंत उन्हात वाळवा, मगच पोत्यात भरा आणि पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर रचा. घरच्या वाट्याला टाकाऊ शेंगा ठेवायच्या आणि टपोऱ्या बाजारात न्यायच्या, ही खोडही सोडा.

८. सुकडी

१९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर सुकडी मिळत असे. जुन्या माणसांना विचारा, त्यांना अजून चव आठवते. काहींना तिचे नाव काढले तरी ते दिवस आठवून नकोसे होते. पण पदार्थात दोष नव्हता. कष्ट करणाऱ्या उपाशी माणसाला चार घासांत ताकद देणारा तो पदार्थ होता. आज तोच घरचे पीठ आणि घरचे तूप घालून करा.

साहित्य : गव्हाचे पीठ १ वाटी, नाचणीचे पीठ १ वाटी, चिरलेला गूळ १ वाटी, तूप पाऊण वाटी.

कृती : तुपात दोन्ही पिठे मंद जाळावर तांबूस होईपर्यंत परतावीत. घाई केली तर पीठ कच्चे राहून पोटात जड पडते. कढई खाली उतरवून लगेच गूळ घालावा आणि भराभर ढवळावे. पिठाच्या उष्णतेनेच तो विरघळतो. तूप लावलेल्या ताटात थापून गरम असतानाच वड्या पाडाव्यात. कोरड्या डब्यात आठ-दहा दिवस राहते.

९. तांबड्या भोपळ्याचे घारगे

सणाचा गोड पदार्थ म्हणजे साखरेचाच हवा असे नाही. परसातला भोपळा आणि घरचा गूळ यांचे घारगे करा.

साहित्य : किसलेला तांबडा भोपळा २ वाट्या, गूळ १ वाटी, मावेल तेवढे गव्हाचे पीठ, तांदळाची पिठी २ चमचे, मीठ चिमूटभर, तेल.

कृती : भोपळ्याचा कीस आणि गूळ एकत्र शिजवावे. पाणी मुळीच घालू नये, गुळाला आपोआप सुटते. मिश्रण गार झाल्यावर मीठ, पिठी आणि मावेल तेवढे गव्हाचे पीठ घालून घट्ट मळावे. तेल लावलेल्या केळीच्या पानावर जाडसर पुऱ्या थापून मध्यम आचेवर तळाव्यात. तेल वाचवायचे असेल तर तव्यावर थोडे तेल सोडून दोन्ही बाजूंनी भाजावेत. तीन-चार दिवस टिकतात. शेताच्या वाटेवर, प्रवासात उत्तम.

वाढताना

पदार्थ झाले. आता वाढण्याविषयी. आपल्याकडे आधी बाप्ये जेवतात, मग पोरे, मग सासू आणि सगळ्यांत शेवटी सून. उरलेल्या तुकड्यावर आणि खरवडीवर तिचे भागते. खुरपणी तिची, पाणी तिचे, धार तिची, चूल तिची. आणि पोटात बाळ असेल तर ते तिच्याच अंगावर वाढते. रक्त कमी असलेल्या शंभरातल्या त्या ५४ जणी कोण, याचे उत्तर त्या शेवटच्या ताटात आहे. तिच्या वाटणीला काही उरलेच नाही, तर वरच्या नऊ पदार्थांचा तिला काय उपयोग?

म्हणून एक करा. पंगत एकच बसवा. आणि तेवढे जमत नसेल तर स्वयंपाक झाला की सर्वांत आधी तिचे ताट वाढून झाकून ठेवा, मग बाकीच्यांना वाढा. खळ्यावर जसा घरचा वाटा आधी काढायचा, तसाच घरात तिचा. नऊ महिने हा नेम चुकवू नका. मात्र आहारावरच सगळे सोडू नये : गरोदर बाईला आरोग्य उपकेंद्रातून किंवा आशाताईंकडून लोहाच्या गोळ्या मिळतात, त्याही तिने घ्याव्यातच. घरात कोणाला मधुमेह असेल तर गुळाचे पदार्थ त्यांना देऊ नयेत, आणि नाचणी-ज्वारीही डॉक्टरांनी सांगितलेल्या बेतानेच द्यावी.

आणि बंधूंनो, भाजणी दळून आणणे, नाचणीचे खडे निवडणे, शेंगा फोडणे ही कामे बसल्या बसल्या होतात. रेडिओ ऐकता ऐकता होतात. तेवढी तुम्ही उचलली तर चुलीपाशीची माणसे नवा पदार्थ करायला तयार होतील. नाहीतर 'आधीच कामाला अंत नाही, त्यात हे आणखी' असे म्हणतील, आणि त्यांचे खरेच असेल.

थोडक्यात

- मळणीच्या दिवशी घरचा वाटा मोजून बाजूला काढा. चांगला माल ठेवा, टाकाऊ नव्हे.
- धान्याबरोबर डाळ, हुलगा किंवा दाणे रोज असू द्या.
- ताटात लिंबू पिळा. जेवणावर चहा नको.
- बुरशीचे दाणे ना माणसाला, ना जनावराला.
- शेवटी जेवणारीचे ताट सर्वांत आधी वाढा.

यंदाच्या सुगीत ज्यांनी घरचा वाटा काढला असेल, त्यांनी या आठवड्यात एक तरी पदार्थ करून बघावा. ज्यांनी सगळे विकून टाकले असेल त्यांनी हळहळू नये. हुलगे आणि तीळ अजूनही आठवडी बाजारात मिळतात, आणि पुढची पेरणी तर आपल्याच हातात आहे. ती करताना बांधाकडेच्या चार काकऱ्यांत घरच्यासाठी म्हणून काही तरी टाका.

तुमच्या भागात या पदार्थांची रीत वेगळी असेल तर पत्राने जरूर कळवा. शेंगोळी घाटावर एक तऱ्हेने होते, कोकणात कुळथाचे आणखी काही होते. ज्या गावाची रीत चांगली असेल ती कार्यक्रमात सर्वांना सांगू. पत्र लिहिताना माप मात्र वाटीत लिहा, 'अंदाजाने' असे लिहू नका. तुमचा अंदाज तुमच्या हाताला ठाऊक, आमच्या हाताला नाही!

पुन्हा भेटूच. नमस्कार.